केक कुणी आणायचा?

(पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत गेली आहे. १ ऑक्टोबरला रुजू झाली, मार्चअखेर मुदत संपेल. ती लिहिते: "पहिले पंधरा दिवस नवलाईत गेले. आता सात आठवडे झालेत. मेंटॉरनं मला टेस्ट बेंचवरचा डेटा साफ करायला दिला, 'काही लागलं तर सांग' म्हणाला आणि दोन आठवडे रजेवर गेला. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, 'हे असं चालणार नाही, पुन्हा कर.' बारा वाजले की सगळे उठून जेवायला जातात, मला कुणी चल म्हणत नाही. मी डेस्कवरच डबा खाते. ऑक्टोबरमध्ये माझा वाढदिवस झाला, कुणाला पत्ताही नव्हता. घरी सांगते की मी मुख्य प्रोजेक्टवर आहे. आई ते सगळ्या नातेवाइकांना सांगते. मी हसरे फोटो टाकते आणि कॉलेजचे ज्युनिअर विचारतात, कशी मिळवलीस. सकाळी उठवत नाही. डिसेंबरमध्ये परत यावं का? आले तर तोंड कसं दाखवू? राहिले तर सहा महिने वाया, आणि सर्टिफिकेटवर काय लिहितील कुणास ठाऊक. या लोकांना मी नकोच आहे."

तुझ्या पत्रातलं एक लहानसं वाक्य आधी घेते. 'सकाळी उठवत नाही.' ते तू घाईघाईनं लिहून पुढे गेलीस, मला मात्र तिथून पुढे सरकता येईना. या दिवसांत श्टुटगार्टला पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि डिसेंबरअखेर तो सव्वाआठच्या सुमारास उगवतो. अंधारात घर सोडायचं, अंधारात परतायचं. उन्हात वाढलेल्या जिवाला हे जड जातंच. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालून ये, आभाळ भरलेलं असलं तरी. पण झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, रडू आवरत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर चालण्यावर भागवू नकोस. तुझा आरोग्य विमा आहे, जवळच्या हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे वेळ घे. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७. टेलेफोनझेलझोर्ग ही मन मोकळं करण्याची सेवा ०८०० १११ ० १११ वर चोवीस तास, फुकट चालते. आणि कधी जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं, तर क्षणही न दवडता ११२. इंटर्नशिपचं काय करायचं ते त्यानंतर पाहू.

आता तुझ्या निष्कर्षाकडे येते. 'या लोकांना मी नकोच आहे.' त्याला तू चार पुरावे दिलेस: वाढदिवस, जेवण, मेंटॉरची रजा, आणि सगळ्यांसमोर बोलणं. मी ते एकेक करून हातात घेऊन पाहिले, आणि चौघांचा अर्थ एकच निघतो असं मला वाटत नाही.

वाढदिवसापासून सुरू करू, कारण तो तुला सगळ्यात जास्त लागलाय हे ओळींमधून कळतं. जर्मन ऑफिसात ज्याचा वाढदिवस असतो तो केक आणतो. किचनमध्ये ठेवतो, टीमला मेल टाकतो, मग लोक येतात, हात मिळवतात, शुभेच्छा देतात, चार गोष्टी बोलतात. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं तिथे अशुभ मानतात, त्यामुळे कुणी आगाऊही विचारत नाही. याचंच भावंड म्हणजे 'आइनश्टांड'. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या काही आठवड्यांत तो स्वतः काहीतरी खायला आणतो आणि त्या निमित्तानं सगळ्यांशी ओळख करून घेतो. आपण ज्या घरांमध्ये वाढलो तिथे नव्यानं आलेल्याला बाकीच्यांनी विचारायचं असतं. तू त्या विचारण्याची वाट पाहत बसलीस, आणि समोरची मंडळी कदाचित तुझ्या केकची वाट पाहत होती. दोन्ही बाजूंना वाटलं असेल की पलीकडच्याला आपल्यात रस नाही.

हे तुला कुणी सांगितलं नाही, यात तुझी काही चूक नाही. ज्या गोष्टी तिथे सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असतात, त्या कुणी कुणाला सांगत नाही.

जेवणाचंही थोडं तसंच. बाराच्या सुमारास जर्मन ऑफिसांत 'मालत्साइट' असं म्हणतात, ते तू ऐकलं असशील. शब्दशः अर्थ जेवणाची वेळ, पण दुपारी कॉरिडॉरमध्ये भेटलेल्याला घातलेला नमस्कारही तोच. तो ऐकून उठलं आणि सोबत चालू लागलं की झालं, वेगळ्या निमंत्रणाची पद्धत बऱ्याच ठिकाणी नसते. शिवाय डेस्कवर एकटं बसून जेवणाऱ्या माणसाला ते त्रास देत नाहीत. त्याला निवांतपणा हवा असेल असं धरून चालतात. डबा घेऊन कॅन्टीनमध्ये गेलेलं चालेल का, एवढं एकदा विचारून घे.

आणि टेबलावर बोलणं कळणार नाही, याची तयारी ठेव. तू क्लासमध्ये शिकलीस ती प्रमाण जर्मन. तुझ्या भागात आपसात बोलतात ती श्वेबिश, आणि ती पटकन समजणं उत्तरेकडून आलेल्या जर्मनांनाही अवघड जातं. पहिले काही दिवस तू नुसती ऐकत बसशील. बसत जा. 'हा शब्द मला कळला नाही, कुठला आहे?' एवढा एक प्रश्न रोज विचारलास तरी पुरे. आपल्या बोलीबद्दल कुणी विचारलेलं आवडत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मेंटॉरच्या रजेचा तर तुझ्याशी काही संबंध नाही. तिथल्या रजेच्या कायद्यातच आहे की वर्षाच्या रजेतला एक तुकडा सलग बारा कामाच्या दिवसांचा असावा. शनिवारही त्यात मोजतात, म्हणून ते बरोबर दोन आठवडे होतात. लोक ही रजा कित्येक महिने आधी ठरवतात आणि त्या काळात मेल उघडत नाहीत. मात्र एक गोष्ट त्याची चुकलीच. जाताना 'माझ्या मागे या व्यक्तीला विचार' असं नाव त्यानं तुला द्यायला हवं होतं. नव्या माणसाला दोन आठवडे असं सोडून जाणं हा निष्काळजीपणा आहे, आणि ते तू त्याला शांतपणे सांगू शकतेस.

राहिलं ते सगळ्यांसमोर बोलणं. श्वाबियात, म्हणजे तुझ्या त्याच भागात, एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: रागावलं नाही, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. कामातली चूक थेट दाखवायची आणि बरोबर असलेल्याबद्दल काही बोलायचं नाही, ही तिथली सवय आहे. ऐकणाऱ्यालाही ती चूक आपल्या कामाची वाटते, आपली वाटत नाही. शाळेपासून आपण वर्गासमोर ओरडा खाल्लेला असतो, म्हणून 'पुन्हा कर' हे वाक्य आपल्या कानात 'तू नालायक आहेस' होऊन शिरतं. त्याचं बोलणं योग्यच होतं असं मी म्हणत नाही. चारचौघांत बोलण्यापेक्षा बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण पुन्हा करायला सांगतो तो माणूस तुझ्याकडून काम होईल असं धरून चाललेला असतो, हेही त्यात आहे.

इथे एक सावधगिरीचं सांगते, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाची परिस्थिती वेगळी असू शकते. सगळंच 'त्यांची पद्धत' म्हणून गिळायचं नसतं. तुझ्या रंगावरून, देशावरून, बाई असण्यावरून कुणी टोमणे मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर ती पद्धत नाही. २००६ पासून जर्मनीत भेदभावाविरुद्ध कायदा आहे, आणि कामाच्या जागेलाही तो लागू होतो. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती असेल तर तिच्याकडे जायचं. केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय मोफत सल्ला देतं. भरपाईचा दावा करायचा असेल तर त्याला साधारणपणे फक्त दोन महिन्यांची मुदत असते, म्हणून 'मार्चनंतर बघू' असं करू नये. तुझ्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. पण लिहायचं राहून गेलं असेल, तर मला पुन्हा लिही.

'कल्चर शॉक' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवला तो कालेर्व्हो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं. १९५४ साली रिओ दि जानेरोत त्यानं यावर भाषण दिलं, ते १९६० मध्ये छापून आलं. त्याचं म्हणणं असं की परक्या ठिकाणी माणूस घाबराघुबरा होतो, कारण रोजच्या व्यवहारातल्या ओळखीच्या खुणा हरवतात. हात कधी मिळवायचा, आमंत्रण खरं कधी मानायचं, असल्या बारीक खुणा. आधी नवलाई, मग चिडचिड आणि 'हे लोकच असे', मग हळूहळू सावरणं, असे टप्पेही त्यानं सांगितले. तुझे पहिले पंधरा दिवस आणि नंतरचे पाच आठवडे त्यात बसतात खरे. पण पुढच्या अभ्यासांत दिसलं की प्रत्येकाचं मन याच क्रमानं जात नाही. म्हणून 'थांबलं की आपोआप बरं वाटेल' असा भरवसा मी तुला देणार नाही. हरवलेल्या खुणा एकेक करून विचारून घ्याव्या लागतात.

आणि विचारणं हीच तुझी खरी अडचण आहे, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. मेंटॉर 'काही लागलं तर सांग' म्हणाला. आपण असं वाक्य शिष्टाचार म्हणून ऐकतो, मनावर घेत नाही. तो मात्र शब्दशः तेवढंच म्हणत होता. तू काही बोलली नाहीस, त्याअर्थी तुला काही लागत नाही, असं त्यानं धरलं. मी पहिल्यांदा परदेशात काम केलं तेव्हा एक तक्ता चार दिवस चुकीच्या पद्धतीनं भरत बसले होते. विचारलं तर अडाणी दिसेन, ही भीती. शुक्रवारी साहेबांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "सोमवारीच का नाही विचारलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं. तो प्रश्न मला कित्येक महिने पुरला.

तुझ्या कामाबद्दलही थोडं बोलू. डेटा साफ करणं तुला हलकं वाटतं, कारण घरी 'मुख्य प्रोजेक्ट' सांगून बसलीस. टेस्ट बेंचवरून येणाऱ्या आकड्यांत कुठे सेन्सर सरकलाय, कुठली नोंद दोनदा आलीय, कुठे एकक बदललंय, हे ओळी चाळल्याशिवाय कुणालाच कळत नाही. सात आठवडे ते चाळणारी तू आहेस. त्या आकड्यांत वारंवार येणाऱ्या चुकांची एक पानभर यादी कर. ती यादी घेऊन मेंटॉरकडे गेलीस, तर 'मला दुसरं काम द्या' असं रिकाम्या हातानं म्हणावं लागणार नाही. मात्र सहा महिने केवळ हेच करत राहणं मलाही मान्य नाही. इंटर्नशिप शिकण्यासाठी असते. तुझ्या करारासोबत किंवा व्हिसाच्या कागदांत इंटर्नशिपचा आराखडा जोडलेला असेल, कोणत्या महिन्यात काय शिकवायचं याचा. तो शोधून काढ आणि वाच. त्यात लिहिलेलं मागण्यात मेहेरबानी मागितल्यासारखं काही नाही.

आता हे बोलायचं कसं. कॉफी मशीनपाशी गाठून बोलू नकोस. कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाची रीतसर वेळ माग. तिथे ठरवून घेतलेल्या भेटीला मान असतो, आणि मेंटॉरही तयारीनं येईल. विषयात लिही: 'पहिल्या दोन महिन्यांचा आढावा आणि पुढचं काम'. आणि भेटीत साधारण असं बोल: "आतापर्यंत मी हे केलं. डेटात मला या चुका वारंवार दिसल्या. माझ्या कामात काय चांगलं झालं आणि काय सुधारायला हवं, ते सांगाल का? आराखड्यात सिम्युलेशनही आहे, ते मला जानेवारीपासून करता येईल का? तुम्ही रजेवर असताना मी कुणाला विचारायचं?" सिम्युलेशनच्या जागी तुझ्या आराखड्यात जे असेल ते घाल. वाक्यं कागदावर लिहून ने, त्यात पाहून वाचलीस तरी कुणी हसणार नाही. भेटीनंतर ठरलेल्या गोष्टी चार ओळींत मेल करून पाठव. ही भेट डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होऊ दे, कारण नाताळापासून नव्या वर्षापर्यंत बरीच ऑफिसं ओस पडतात.

आणि म्हणूनच परतीचं तिकीट आत्ता काढू नकोस, असं माझं मत आहे. वर्षातल्या सगळ्यात काळोख्या पंधरवड्यात, एकटीनं, कुणाशी न बोलता घेतलेला निर्णय तुला नंतर खात राहील. १५ जानेवारी ही तारीख धर. तोवर मेंटॉरशी भेट झालेली असेल, केक नेलेला असेल, कॅन्टीनमध्ये दहा-पंधरा वेळा बसली असशील. एवढं करूनही काम तेच राहिलं, माणसं तशीच राहिली, तर एचआरशी बोलून दुसरा विभाग माग. तेही जमलं नाही, तर परत ये. खुशाल ये. तोंड लपवण्यासारखं त्यात काही नसेल. फक्त रागाच्या भरात बॅग भरून निघू नकोस. करारातली नोटिशीची अट पाहा. कॉलेजला या इंटर्नशिपचे गुण हवे असतील, तर अर्धवट सोडल्यावर काय होतं ते आधी विचारून घे. तुझी तिथे राहण्याची परवानगी याच इंटर्नशिपशी बांधलेली आहे, त्यामुळे ती सोडलीस तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागेल, आणि मनात आलं म्हणून दुसऱ्या कंपनीत रुजू होता येणार नाही. देश सोडताना नगरपालिकेतली पत्त्याची नोंद रद्द करायची असते, तेही विसरू नकोस.

पण नाताळाचे दिवस रिकामे ठेवू नकोस. घरातले बाकीचे भाडेकरू आपापल्या गावी जातील, २५ आणि २६ तारखेला सगळं बंद असेल, तुझ्या राज्यात ६ जानेवारीलाही सुट्टी असते. आत्तापासून कुणाकडे तरी जायचं ठरव. दुसऱ्या शहरात शिकणारी मैत्रीण, तिथलं मराठी मंडळ, कुणीही चालेल. मंडळात जरूर जा, आपल्या भाषेत तासभर बोललं की जीव हलका होतो. पण सगळे शनिवार-रविवार तिथेच घालवू नकोस. जर्मनीत ओळखी होतात त्या फेराइनमध्ये, म्हणजे गावोगावच्या हौशी मंडळांत: बॅडमिंटन, गाणं, डोंगर चढणं. तिथे दर आठवड्याला तीच माणसं भेटतात, आणि त्यांना तुझ्या इंटर्नशिपशी काही देणंघेणं नसतं. तुला सध्या अशा माणसांची गरज आहे.

प्रमाणपत्राची तुझी काळजी रास्त आहे, कारण जर्मन प्रमाणपत्रांची एक ठरलेली भाषा असते. 'सदैव आमच्या पुरेपूर समाधानाप्रमाणे काम केलं' अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते उत्तम. त्यातला 'सदैव' गळला की दर्जा उतरतो. नुसतं 'समाधानाप्रमाणे' म्हणजे जेमतेम. आणि 'तिनं प्रयत्न केले' हे वाचायला गोड, पण अर्थ वाईट. म्हणून केवळ हजेरीचा दाखला घेऊ नकोस, कामाचं वर्णन आणि मूल्यमापन असलेलं त्सॉयग्निस, म्हणजे प्रमाणपत्र, माग, आणि मसुदा हातात आल्यावर ही भाषा जाणणाऱ्या एखाद्याला दाखव. दर शुक्रवारी त्या आठवड्यात काय केलंस ते दोन ओळींत लिहून ठेवलंस, तर मार्चमध्ये प्रमाणपत्र लिहिणाऱ्याला द्यायला तुझ्याकडे नेमकं काही असेल.

आता घरचं. तुझ्या पत्रात 'लोक', 'नातेवाईक', 'ज्युनिअर', 'तोंड दाखवणं' हे पुन्हा पुन्हा येतं. तुला काय शिकायचं होतं, हे मात्र एकदाही आलं नाही. मी तुला दोष देत नाही. दिवसभर ऑफिसात एकटं बसायचं आणि संध्याकाळी फोनवर आनंदी असल्याचं नाटक करायचं, यात शिकण्याचा विचार करायला ताकद उरतच नाही. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं मागे गेली, आता घरच्यापेक्षा तू साडेचार तास मागे आहेस. तू सहाला घरी पोचतेस तेव्हा आईचे साडेदहा वाजलेले असतात, तीही दमलेली असते, आणि दोघीही 'सगळं छान' म्हणून फोन ठेवता. या रविवारी दुपारी, तिला निवांत वेळ असताना फोन कर. सगळं एकदम ओतू नकोस. "आई, काम मी सांगितलं तेवढं मोठं नाहीये, आणि मला एकटं वाटतं. मी यावर मार्ग काढतेय. तू फक्त ऐक, आणि हे सध्या कुणाला सांगू नकोस," एवढं म्हण. ती घाबरेल. कदाचित 'ये परत' म्हणेल, कदाचित 'थोडं सहन कर' म्हणेल. दोन्हीपैकी काहीही लगेच मानायला तू बांधील नाहीस. पण त्यानंतर खोटं सांभाळत बसावं लागणार नाही. आईला सांगणं अगदीच अशक्य असेल तर बहीण, मावशी, कॉलेजमधल्या एखाद्या बाई. कुणीतरी एक माणूस असं हवं, ज्याला खरं काय चाललंय ते ठाऊक आहे.

ज्युनिअर विचारतात त्यांना अर्ज कसा केलास ते सांगच, पण सोबत हेही सांग की नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, जेवणाच्या टेबलावरची भाषा क्लासमधली नसते, आणि पहिल्या महिन्यात स्वतः केक न्यायचा असतो. तुला हे वेळेवर सांगणारं कुणी असतं, तर तुझा ऑक्टोबर वेगळा गेला असता.

आणि हो, तुझ्या वाढदिवसाचा केक अजून गेलेला नाही. 'महिनाभर उशीर झाला, मला ही पद्धत माहीत नव्हती' असं सरळ सांगून ने, ते ऐकायला लोक आनंदानं थांबतील. आदल्या दिवशी टीमला मेल कर: उद्या दहा वाजता, किचनमध्ये. काही जण काय खात नाहीत ते विचारून घे. सोमवारी नेणार असलीस तर सामान शनिवारीच आणून ठेव, रविवारी दुकानं बंद असतात हे तुला एव्हाना ठाऊक आहेच.